अकरावं वाक्य

आमच्या गावात दोन नावं घेत नाईत. वावरात उभं राहून त्या काळ्या जनावराचं, अन बाईनं आपल्या नवऱ्याचं. पहिलं मी कधी घेतलं नाई. दुसरं घेतो बाप्पा, नाई तं ही गोष्ट सांगू कशी? तं माह्या नवऱ्याचं नाव कपिल. तोंडावर मी त्याले 'आवो' म्हणतो, अन राग आला तं काईच म्हणत नाई, भांडे आपटतो.

त्या भादव्यात मी लय भांडे आपटले.

कपिल दोन वर्षं पुण्याकडे चाकणले होता, एका गोदामात खोके उचलाच्या कामावर. आमची वैष्णवी तीन वर्षाची. पोळ्याले बाप घरी आला तं माह्या लुगड्याआड लपून मले विचारते, "आई, हे काका कवा जातीन?" कपिल तशीच भाकर टाकून उठला. रातभर कूस बदलत राह्यला अन सकाळी म्हणे, "आता जात नाई. उपाशी राहू, पण इथंच राहू." मी वरून काई बोलली नाई. आतून इतकी खूश झाली का चुलीवरचं दूध उतू गेलं.

काम भेटलं बी. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एक कंपनी झटका मशीन बनवते. वावराभोवती तार ओढाची, तारेत उन्हावर चालणाऱ्या मशीनीचा करंट. जनावरानं तोंड लावलं का झटका बसते. मरत नाई, पण पुन्हा येत नाई. आमच्या महागाव तालुक्यात अशी मशीन कोणाले नको? सोयाबीनले शेंग धरली का कळपच्या कळप येते अन उभं वावर नांगरून ठेवते. हे तं हातोहात जाईन, असं मले वाटलं. कंपनीची अट एकच होती. दसऱ्यापर्यंत तीन मशीनी विकाच्या. विकल्या तं काम पक्कं, आपल्याच भागात. नाई विकल्या तं राम राम. अन चाकणच्या ठेकेदाराचा फोन दर दोन दिवसाले येऊनच राह्यला होता, "येतो का दुसरा पाहू?"

कंपनीनं एक मशीन नमुन्याची देली, ती आम्ही आमच्याच वावराले लावली. अन देला एक कागद. कागदावर अकरा वाक्यं.

फोनमंदी कंपनीचं ॲप होतं. कास्तकाराजवळ जाचं तं ते चालू करून फोन खिशात टाकाचा. सगळं बोलणं त्यात भरून जाये. मंग कपिलचे साहेब, अनिमेष सर, यवतमाळले बसून ते ऐकत अन मार्क देत. वाक्य सुटलं का मार्क कापला. शब्द बदलला का अर्धा कापला.

मी चुलीपुढं, कागद गुडघ्याखाली दाबलेला. कपिल गोठ्यापासून दारापर्यंत येरझारा मारे अन पाठ करे.

"नमस्कार सर. मी कपिल, आपल्या भागाचा पीक-संरक्षण सल्लागार. आपली दोन मिनिटं घेऊ शकतो का?"

"अमूल्य दोन मिनिटं," मी म्हणलं. "अमूल्य सुटलं."

"अमूल्य, अमूल्य..." त्यानं कपाळ बडवलं. शाळेत बी त्याले कविता पाठ होत नसे, मास्तर बाकावर उभं करत.

माही सासू तानाबाई तिथंच मिरच्याचे देठ खुडून राह्यली होती. तीस वर्षं झाली, महागावच्या बजारात वांगे-मिरच्या विकते. "दोन मिनिटात काय होते बे?" ती म्हणे. "आपल्या इकडचा माणूस दोन मिनिटात पुरता खोकत बी नाई."

पहिला गेला तो उकंडा काकाकडे. काका म्हणजे आमचे धुऱ्याले धुरा, बांधाले बांध लागून शेजारी. याच काकाच्या खांद्यावर बसून कपिलनं लहानपणी पोळा पाह्यला. काका ओट्यावर दोर वळून राह्यलते. हा समोर उभा राह्यला, हात जोडले, अन "नमस्कार सर" म्हणलं. काकानं मागं वळून पाह्यलं, का माह्या मांगं कोणी साहेब आला का काय.

"मले म्हणून राह्यला का?"

"हो सर. आपली अमूल्य दोन मिनिटं..."

"अबे, बस ना. दोन कायले, दिवसभर बस. पण तब्येत बरी हाये ना तुही?"

काकूनं त्याच्या हातावर साखर ठेवली, उन्ह लागलं म्हणून. साखर खाऊन हा घरी आला. मले हासू आलं, पण त्याचं तोंड पाहून मी ते पदरात दाबलं.

आठ दिवस असेच गेले. रोज नवं गाव, तेच वाक्य. पानठेल्यावरचे पोट्टे याले पाहून उठून उभे राहत अन हात जोडत, "नमस्कार सर!" हा खाली मान घालून निघून येई. रोज सकाळी सरचा फोन. एकच तक्रार, "कपिल, अकरावं वाक्य रोज का सुटतं?"

मी बी विचारलं. अकरावं वाक्य असं होतं: "सर, आपल्या शेजाऱ्यानं मशीन बसवलं तर जनावरं आपल्या शेतात वळतील, म्हणून निर्णय आजच घ्या."

"हे तं सोपं हाये," मी म्हणलं. "अमूल्य बी नाई यात."

"मी नाई म्हणू शकत ते," कपिल म्हणे. "माणसाले त्याच्याच शेजाऱ्याचं भेव दाखवू? अन काकाचा शेजारी कोण? मीच ना."

मंग सासूनं त्याले बजाराची अक्कल देली. "माल काढाच्या आधी माणसाजवळ बसा लागते. त्याचं घरचं विचारा लागते. कागद खिशात ठेव."

म्हणून दुसऱ्या दिवशी हा तांड्यावर उत्तमसिंगकडे गेला. त्याचं वावर काकाच्या पलीकडे. दुपारी गेला तो दिवस बुडता बुडता आला, बगलेत दोन दोडके. तोंड खुललेलं. उत्तमसिंगच्या बैलाचं पोट फुगलं होतं, यानं त्याच्यासंगं नळीनं औषध पाजलं, बैलाले फिरवलं, चहा पेला, गोष्टी केल्या.

"अन मशीन?" मी विचारलं.

"गोष्टच नाई निघाली," कपिल म्हणे.

मी कढई आपटली. फोन मात्र सगळा वेळ चालू होता. अनिमेष सरनं यवतमाळले बसून तीन घंटे बैलाच्या पोटफुगीचं ऐकलं अन अकरापैकी शून्य देला.

सासू बी चिडली. "जवळ बस म्हणलं मी, बिऱ्हाड कर नाई म्हणलं. मी गिऱ्हाइकासंगं गोष्टी करतो, पण वांगं तिच्या हातात देऊनच करतो ना! हातात चीज पाह्यजे, बाप्पा. नुसत्या गोष्टीनं पाटी रिकामी होत नाई."

दसऱ्याले बारा दिवस राह्यले अन सर सोताच आले.

पोरगंच होतं, कपिलपेक्षा दोन वर्षं लहान. शर्ट घामानं पाठीले चिपकलेला, पायात पांढरे बूट. धुऱ्यावर चार पावलं चालले तं काळ्या गाऱ्यानं बूट पायापेक्षा जड झाले. आमच्या माठातलं पाणी घटाघटा पेले अन हळूच म्हणले, "वहिनी, मलाही वरून विचारतात हो. रोज." मले त्याची बी दया आली. राग धराले आली होती, तो बी धड धरता आला नाई.

दिवस कलला होता. सरले कपिलचं बोलणं सोता ऐकाचं होतं, अन शेजारी उकंडा काका वावरात शेंगा दाबून पाहून राह्यलते. शेंग भरली होती, पानं पिवळी पडाले लागलती. मी धुऱ्यावर गवताचा भारा बांधत होती, म्हणून सगळं माह्या समोर झालं.

पहिली तीन वाक्यं बरी गेली. काका बी समजूतदार माणूस, पोराचा साहेब संगं हाये म्हणून मान हालवत राह्यले. चौथ्यावर कपिल अडला.

"सर, काळ्या जनावरामुळे आपलं दरवर्षी..."

"रानडुकरांमुळे," सर मागून म्हणले. "शब्द बदलायचा नाही, कपिल."

कपिलनं माह्याकडे पाह्यलं. मी मान हालवली, नको. त्यानं काकाकडे पाह्यलं, सरकडे पाह्यलं, अन डोळे मिटून एका दमात सगळं म्हणून टाकलं. कागदात ते नाव सात खेपा होतं. सातही खेपा त्यानं घेतलं, उभ्या पिकात, तिनीसांजेले. अकरावं वाक्य मात्र तेवढ्यात बी गिळलं.

काकानं टोपी काढली. खाली वाकून चिमूटभर माती कपाळाले लावली, अन एक शब्द न बोलता घराकडे निघून गेले.

"काहीच बोलले नाहीत?" सरनं विचारलं.

"लय बोलले, सर," मी म्हणलं.

अन त्याच रातीले कळप आला. सकाळी पाहतो तं काकाच्या वावराची खालची अर्धी पट्टी लोळलेली, शेंगा चावून थुंकलेल्या, माती उकरून पडलेली. आमच्या वावराले तार होती, आमचं एक पान हाललं नव्हतं.

गावाले तेवढंच पाह्यजे होतं. "कपिलनं नाव घेऊन बलावलं." पानठेल्यावर एकानं त्याले थांबोलं अन म्हणे, "कपिल, एक डाव माह्या सासऱ्याचं बी नाव घे ना. चार वर्षं झाली, येऊन नाई राह्यला." सगळे हासले. हापशीवर काकाची सून मले बायायसमोर म्हणाली, "वर्षा, मामंजीनं सांगतलं हाये, कपिलनं आमच्या धुऱ्यावर पाय टाकू नये." माही घागर भरून वाहून राह्यली होती, मले समजलंच नाई.

कपिल त्या दिवशी कुठं टिकेना. घरात ये, बाहीर जाय. गोठ्यात जाय, बैलाच्या पाठीवर हात ठेव, पुन्हा घरात. दुपारी त्यानं चाकणची बॅग खाली काढली. वैष्णवी आता त्याले बाबा म्हणाले लागली होती. बॅग पाहून ती बॅगेवरच जाऊन बसली.

मी काई म्हणाच्या आधी सासूच बोलली. "नाव घेतल्यानं येत असते तं मी बजारात दिवसभर गिऱ्हाइकाचं नाव घेत बसली असती. शेंग भरली म्हणून आले ते. काका त्याच्यानं नाई रुसला. तू त्याच्या वावरात उभा राहून त्याच्याकडे पाह्यलंच नाई, त्या साहेबाकडे पाह्यलं."

"मंग आता त्याले काय बोलू?"

"बोलतं कायले? तोंडानं केलं ते हातानं निस्तर."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटता फुटता कपिल आमच्या वावरातली मशीन सोडून राह्यला होता. मी धावतच गेली.

"हे काय? आपलं वावर उघडं पाडता? आपल्या शेंगा काय दगडाच्या हायेत?"

"काकाचं माह्यानं गेलं."

"तुमच्यानं नाई गेलं! आई म्हणून राह्यली ना!"

"त्याले तसं वाटते ना? मंग गेलं."

या माणसाले काय म्हणाचं? मी घरी आली, हातात आलं ते भांडं आपटलं. मंग दोन विळे घेतले अन परत गेली.

काकाच्या धुऱ्यावर कंबरभर गवत. कुंदा असा माजलेला का विळा फिरला का हाताले रग लागे. सकाळपासून आम्ही दोघं वाकून कापत राह्यलो. उन्ह चढलं, चिलटं डोळ्यात घुसत, घाम नाकावरून विळ्यावर टपके. माह्या करंगळीले लागलं, चिंधी बांधली. काका पलीकडच्या धुऱ्यावर येऊन बसले होते, आमच्याकडे पाठ करून. हाकलत बी नव्हते, बोलत बी नव्हते. कपिल बी बोलला नाई. गवत झालं तं बांबूचे खुंट ठोकले, तार ओढली. दुपारी पाहतो तं काका अर्धे वळून बसले होते. दिवस कलला तसे उठून आले, हातात पाण्याचा गडवा. पहिले मले देला.

"गवत कायले कापलं?" त्यायनं मलेच विचारलं. मी कपिलकडे बोट दाखवलं.

"तारेले गवत लागलं का करंट गवतातून जमिनीत उतरते, काका," कपिल म्हणे. "मशीन टकटक करत राह्यते अन तार मेलेली. दर आठ दिवसाले धुरा पाहाच लागते. अन ही अर्थिंगची सळई गाडली ना, इचं बूड ओलं पाह्यजे. आपली माती भेगाळली का ही काम देत नाई. रोज लोटाभर पाणी टाका."

"तुह्या कागदात तं होतं, एकदा लावली का काईच पाहा लागत नाई."

"कागद खोटं बोलते. मशीन बैलासारखी हाये काका. पाह्यली तं काम देते, नाई तं उभी राह्यते."

मंग त्यानं मशीन चालू केली, गवताची एक हिरवी काडी तोडली अन काडीचं टोक तारेले लावलं. हात चटकन मांगं आला. दुसरी काडी त्यानं काकाच्या हातात देली. काकानं ती लावली. "अय्यो!" म्हणून उडालेच, टोपी पडली. अन हासले. मी बी हासली. दोन दिवसात पहिल्यांदा आमच्यातलं कोणी हासलं होतं.

"मी घेतो म्हणलं नाई," टोपी झटकत काका म्हणे.

"मी घ्या म्हणलं नाई," कपिल म्हणे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी वावरात गेली. काकाचं उरलेलं वावर जसंच्या तसं. अन आमचं? एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लोळवलेलं, कुठंकुठं चार ओळी उभ्या. कळपानं काकाची तार हुंगली अन सरळ आमच्यात घुसला. पेरलं तवापासूनचं सगळं डोळ्यापुढून गेलं, डवरणी, निंदण, माही कंबर. मी धुऱ्यावर बसून मोठ्यानं रडली. कपिल समोर उभा. "घ्या, वाटा आता!" मी म्हणलं. "वाटा गावाले मशीनी!" तो लोळलेलं एक झाड उचलून उभं करून पाहे, ते पुन्हा पडे.

काका आले. वावर पाह्यलं, तार पाह्यली, कपिलकडे पाह्यलं.

"असं होईन हे तुले माहीत होतं?"

"होतं. कागदावर तेच तं एक खरं होतं. अकरावं."

"मंग म्हणलं काऊन नाई?"

"काय म्हणू काका? उत्तमसिंगनं लावली तं तुमचं जाईन, असं भेवाडू तुमाले? का तुम्ही लावली तं माहं जाते, असं सांगून लाज वाटवू?"

काकानं मंग डोक्याचा दुपट्टा सोडून पुन्हा बांधला. "ही मशीन आज तुह्या वावरात लाव, उरलं तेवढं तरी राहू दे. माह्यासाठी नवी सांग. तवापर्यंत मी रातीले वावरात जागतो."

त्याच दिवशी काकानं उत्तमसिंगले बलावलं, पलीकडच्या गोविंदरावले बलावलं अन दोन्ही वावरं फिरवून दाखवली. कपिल मांगंमांगं, तोंड बंद. काकाच बोलत. "हे माहं. हे याचं. आता तुमीच पाहा." शेवटी उत्तमसिंगच्या हातात त्यायनं गवताची काडी देली.

उत्तमसिंगनं एक घेतली, गोविंदरावनं एक. काकाची धरून तीन झाल्या. कोणी विश्वासानं घेतली, कोणी भेवानं, हे मी नाई सांगू शकत. अकरावं वाक्य कोणी म्हणलं नाई, पण ते आमच्या वावरात लोळलेलं सगळ्याईनं पाह्यलंच होतं. आमचं सोयाबीन गेलं ते गेलंच. चाकणची बॅग मात्र वर टाकली, अन तिच्यात मी आता जुनी लुगडी भरून ठेवली हायेत.

दसरा झाल्यावर अनिमेष सरचा फोन आला. लय खूश होते. त्या गवत कापलेल्या दिवशी बी फोन कपिलच्या खिशात चालूच राह्यलता, सवयीनं. सरनं सगळं ऐकलं होतं. "कपिल, जबरदस्त! आता हीच नवी स्क्रिप्ट. सगळ्या जिल्ह्यात सगळी मुलं हेच बोलणार. शब्दाला शब्द. तुलाही पाठ करावी लागेल हं, मार्क आहेतच."

कागद आला. मी चुलीपुढं बसली, कागद गुडघ्याखाली. कपिल गोठ्यापासून दारापर्यंत.

"तारेले गवत लागलं का करंट गवतातून जमिनीत जाते, काका..."

"उतरते," मी म्हणलं. "जमिनीत उतरते. अर्धा मार्क गेला."

"अवं, मीच तं बोललो होतो ते!"

"तवा उतरते म्हणलं होतं तुमी."

ओट्यावर उकंडा काका बसले होते, वैष्णवी त्यायच्या मांडीवर. त्यायनं हात पुढं केला, कागद मागतला. वाचता येते त्याईले, पण बोट फिरवत, हळूहळू. पुरा वाचला. मंग म्हणे, "पहिले तं तू काईच बोलला नव्हता. सकाळपासून दिवस कलेपर्यंत विळा चालवला. ते इथं कुठं लिवलं हाये?"

कपिलनं कागद हातात घेतला, उलटा करून पाह्यला. मांगं कोरा होता.

मी आतून दोन विळे आणले. उत्तमसिंगच्या धुऱ्याचं गवत कापाचं राह्यलं होतं.